वाचकांचे प्रश्न : सायकल शर्यतीच्या वाटेवर उभे राहताना

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत आपल्या शहरातून आणि जिल्ह्यातील घाटरस्त्यांवरून गेली, आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. पूर्वी गिअर कसे जुळवावेत, गुडघा का दुखतो, असे प्रश्न येत असत. आता जुलैमध्ये फ्रान्सला जाऊन टूर द फ्रान्स ही रोज एक टप्पा अशी तीन आठवडे चालणारी सायकल शर्यत रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहायची असेल तर काय करावे, असे अनेकजण विचारत आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त आहोत आणि कित्येक वर्षे जुलैमध्ये रात्रीच्या जेवणाच्या वेळी टूर द फ्रान्स दूरचित्रवाणीवर न चुकता पाहतो. जानेवारीत पुण्याच्या शर्यतीसाठी आम्ही दोन तास रस्त्यावर उभे राहिलो, पण सगळा जथा डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच निघून गेला. एवढ्याशा दर्शनासाठी लाखो रुपये खर्चून युरोपला जाण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : सपाट रस्त्यावर उभे राहाल तर फ्रान्समध्येही हाच अनुभव येईल. ताशी 45 ते 50 किलोमीटर वेगाने जाणारे पावणेदोनशे सायकलपटू एकमेकांना बिलगून चालवत असतात, त्यामुळे आपला आवडता खेळाडू कोणता हे ओळखू येण्याआधीच त्यांच्यामागच्या संघांच्या गाड्या सुरू होतात. शर्यतीचे डावपेच, कोण कोणाला सोडून पुढे गेले आणि किती सेकंदांचे अंतर पडले, हे सर्व समजून घ्यायचे असेल तर घरचा दूरचित्रवाणी संचच सर्वांत उत्तम, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्यावर जाणाऱ्याने शर्यतीचा दिवस अनुभवायला जावे. निकाल त्याला बहुधा शेजाऱ्याच्या फोनवरूनच कळतो.

मात्र जागा विचारपूर्वक निवडली तर दर्शनही एवढेसे राहत नाही. तीव्र चढावर अव्वल सायकलपटूंचा वेगही ताशी 20 किलोमीटरच्या आसपास उतरतो आणि जथा फुटतो. आघाडीवरच्या दोन-चार जणांनंतर एकेक, दोघेदोघे असे येत राहतात आणि सर्वांत शेवटी, ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचण्यापुरती धडपड करणाऱ्या सपाट रस्त्यावरच्या वेगवान सायकलपटूंचा आणि संघनायकासाठी राबणाऱ्या साहाय्यक सायकलपटूंचा घोळका येतो. लांबलचक डोंगरी टप्प्याच्या अखेरच्या घाटात पहिल्या आणि शेवटच्या खेळाडूत अर्ध्या तासाहून अधिक अंतर पडलेले असते, आणि तेवढा वेळ तुम्ही त्यांच्यापासून हातभर अंतरावर असता. आठ टक्क्यांच्या चढावर त्यांचा श्वास ऐकू येतो, साखळीचा करकर आवाज ऐकू येतो, काळ्या चड्डीवर वाळलेल्या घामाचे पांढरे पट्टे दिसतात. नाकाच्या शेंड्यावरून घामाचे थेंब हँडलवर टपटपत असतात आणि तो पुसायला हात सोडण्याइतकीही उसंत त्यांना नसते. हे कॅमेऱ्यात कधीच नीट उतरत नाही. चढाची तीव्रता हीसुद्धा पडद्यावर नेहमी सपाट दिसते. सिंहगडाच्या घाटात एकदा सायकल चढवून मगच फ्रान्सला जावे, म्हणजे आपण काय पाहत आहोत हे पायांना कळते.

चढाखेरीज आणखी दोन पर्याय ध्यानात ठेवावेत. वैयक्तिक टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाशी असलेल्या शर्यतीत, खेळाडू ठरावीक मिनिटांच्या अंतराने एकेकटे सुटतात, त्यामुळे दुपारभर एका जागी उभे राहून प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाहता येते, आणि पॅरिसमधील अखेरच्या टप्प्यात शहरातल्या रस्त्यांवर फेऱ्या असल्याने तोच जथा पुन्हा पुन्हा समोरून जातो. 2025 मध्ये या फेऱ्यांत मोंमार्त्रची टेकडी तीन वेळा चढायला लावली, तेव्हा तिथल्या अरुंद चढावर प्रचंड गर्दी लोटली होती.

आता दिवसाविषयी. टूरला तिकीट नसते. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीसाठी जशी सकाळपासून जागा धरतात तशीच तिथेही धरावी लागते, फक्त घड्या घालायच्या खुर्च्या आणि सावलीची छत्री आपली आपण न्यायची असते. शर्यतीच्या सुमारे दोन तास आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो; 1930 पासूनची ही प्रथा आहे. त्या गाड्यांवरून टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, गोळ्यांची पाकिटे प्रेक्षकांकडे भिरकावली जातात आणि एरवी गंभीर चेहऱ्याने बसलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या टोपीसाठी शेजाऱ्याशी हुज्जत घालताना दिसतात. ताफा गेला की रस्ता मोकळा आणि विलक्षण शांत होतो. मग दरीच्या पलीकडून हेलिकॉप्टरचा आवाज येऊ लागतो. त्या आवाजाबरोबर खुर्च्यांवरची सगळी माणसे उठतात, पोलिसांच्या मोटारसायकली जातात, शर्यत संचालकांची लाल गाडी जाते, आणि मग खालच्या वळणावरून आरडाओरडा वर सरकत आपल्यापर्यंत येतो. माझ्या लेखी खर्चाचे समर्थन या अर्ध्या तासात आहे. ज्याला वाट पाहण्याचा कंटाळा आहे त्याने मात्र जाऊ नये.

प्रश्न : यंदाच जायचे ठरवले आहे. आल्प द्युएझला दोन दिवस शर्यत असल्याचे वाचले. तिथेच जावे का? सोबत सत्तरीतील आई आहे. (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : 2026 ची टूर 4 जुलै रोजी बार्सिलोनात सुरू होऊन 26 जुलै रोजी पॅरिसमध्ये संपणार आहे, आणि 24 व 25 जुलै असे सलग दोन दिवस टप्प्याचा शेवट फ्रेंच आल्प्समधील आल्प द्युएझ येथे आहे. या घाटाची कीर्ती खरी आहे. 13.8 किलोमीटर लांबी, सरासरी आठ टक्क्यांहून किंचित अधिक चढ आणि 21 वळणे. वळणांचे क्रमांक तळापासून उलटे लावलेले असून प्रत्येक वळणावर पूर्वी तिथे जिंकलेल्या खेळाडूचे नाव आहे. 1952 मध्ये इटलीचा फाउस्तो कोप्पी तिथे पहिल्यांदा जिंकला. 1976 ते 1989 या काळात नेदरलँड्सच्या सायकलपटूंनी आठ वेळा हा टप्पा जिंकल्यामुळे सातवे वळण डच प्रेक्षकांनी जणू दत्तकच घेतले आहे; नारिंगी कपडे, मोठमोठे ध्वनिवर्धक आणि बिअर यांचा तिथे महापूर असतो. तरुण मंडळींनी तो एकदा जरूर पाहावा. आपल्या आईंना घेऊन मात्र तिथे जाऊ नका.

दोन दिवसांच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आलेली नाही. 24 तारखेला शर्यत 21 वळणांच्या नेहमीच्या रस्त्याने वर जाईल. 25 तारखेला मात्र ती क्र्वा द फेर, तेलेग्राफ आणि गॅलिबिए हे घाट ओलांडून सारेन खिंडीच्या बाजूने, म्हणजे मागच्या अंगाने आल्प द्युएझला पोहोचेल. पहिल्या दिवशी खालच्या वळणावर धरलेली उत्तम जागा दुसऱ्या दिवशीही उपयोगी पडेल या भरवशावर कोणी बसून राहिले, तर त्याच्या समोरून शर्यतीचा शेवट जाणारच नाही.

घाटात वाहनांसाठी रस्ता शर्यतीच्या कितीतरी तास आधी बंद होतो, आणि आल्प द्युएझसारख्या ठिकाणी तर त्याहूनही लवकर. मोटरहोम घेऊन येणारे लोक दोन-तीन दिवस आधीच कडेच्या जागा अडवून बसलेले असतात. उरलेल्यांना पायी किंवा सायकलवर चढावे लागते, स्वच्छतागृहे क्वचित आढळतात आणि शर्यत संपल्यावर सगळा डोंगर एकाच वेळी खाली उतरू पाहतो, तेव्हा तासन्‌तास खोळंबा होतो. वयस्कर व्यक्तीसाठी यातील प्रत्येक गोष्ट त्रासदायक आहे. म्हणून माझा सल्ला असा, की तुम्ही बार्सिलोनाचा विचार करावा. 4 जुलैला तिथे सांघिक टाइम ट्रायल आहे, म्हणजे एकेक संघ स्वतंत्रपणे समोरून जाईल, आणि दुसऱ्या दिवशी तारागोनाहून निघालेला टप्पाही बार्सिलोनातच संपणार आहे. शहरात मेट्रो आहे, सावली आहे, जवळ हॉटेल आहे. आई थकल्या तर त्यांना खोलीवर पोहोचवून तुम्ही परत येऊ शकता. डोंगर पाहायचाच असेल तर पुढे एखाद्या कमी प्रसिद्ध घाटाच्या मध्यावर, गावाला लागून असलेली जागा निवडा, जिथे कॅफे उघडा असेल आणि बसायला पार नसला तरी दगडी कट्टा असेल.

शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे करावा लागतो, हे मुक्काम ठरवतानाच पाहून घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 30,000 युरो संरक्षणाचा प्रवास विमा आवश्यक असतो. उन्हाळ्यात मुलाखतीच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा जूनची वाट पाहू नका.

प्रश्न : निगडीतील आमचा सायकल गट पुढील वर्षी जाणार आहे. मोठा भगवा ध्वज आणि ढोल घेऊन खेळाडूंच्या बरोबरीने धावण्याचा बेत आहे. दूरचित्रवाणीवर असे धावणारे बरेच दिसतात. परवानगी लागते का? (एक वाचक, निगडी)

उत्तर : धावण्याला परवानगी कोणीच देत नाही, आणि दूरचित्रवाणीवर जे दिसतात त्यांचे अनुकरण करू नये. रस्ता खेळाडूंचा आहे आणि प्रेक्षक कडेचा पाहुणा आहे, एवढे भान सुटले की काय होते याची उदाहरणे टूरच्या इतिहासात भरपूर आहेत. 1975 मध्ये प्युई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सच्या पोटात ठोसा मारला; त्या वर्षीची टूर मर्क्सने गमावली. 1999 मध्ये आल्प द्युएझवर छायाचित्र काढण्यासाठी मध्ये उभ्या राहिलेल्या माणसाने आघाडीवरच्या ज्युझेप्पे ग्वेरिनीला खाली पाडले, तरीही तो उठून जिंकला. याच घाटात 2018 मध्ये विन्चेन्झो निबाली गर्दीत पडला, त्याच्या मणक्याचे हाड मोडले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. 2016 मध्ये माँ व्हाँतूवर गर्दीने रस्ता इतका अडवला की पुढची मोटारसायकल थांबली, मागचे खेळाडू तिच्यावर आदळले आणि एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी घातलेला ख्रिस फ्रूम मोडकी सायकल टाकून चक्क पायी धावत सुटला.

यांतील बहुतेक माणसांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. 2021 मध्ये पहिल्याच टप्प्यात एक स्त्री आजी-आजोबांना उद्देशून लिहिलेला फलक कॅमेऱ्यासमोर धरून उभी होती आणि तिची पाठ येणाऱ्या जथ्याकडे होती. टोनी मार्टिन त्या फलकावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी खेळाडू कोसळले. न्यायालयाने पुढे तिला 1,200 युरोंचा दंड केला. 2023 मध्ये फोनसाठी पुढे आलेल्या एका हाताने असाच अपघात घडवला. तेव्हा नियम एकच पाळा : शर्यत येत असताना तिच्याकडे पाठ करायची नाही आणि सेल्फी घ्यायचा नाही.

ध्वज न्यायला हरकत नाही, पण तो आपल्या मागे, डोंगराच्या बाजूला रोवा. वाऱ्याने फडकून कापड हँडलमध्ये अडकले तर खेळाडू तोंडावर आपटतो. ढोलाबद्दल म्हणाल तर तो घाटात वाहून नेणे हीच मोठी शिक्षा आहे. तिथले लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात, तुम्ही टाळ न्या. तो वजनाला हलका असतो आणि त्याचा आवाज दरीत लांबवर जातो. रंगीत धुराच्या नळकांड्या मात्र मुळीच नकोत, कारण चढावर धापा टाकणाऱ्या माणसाच्या छातीत तो धूर जातो.

प्रश्न : भारतीय खेळाडू नसलेल्या शर्यतीत आपण नेमके कोणासाठी ओरडायचे? (एक वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : प्रश्न खोचक आहे, तरी रास्त आहे. तादेज पोगाचार हा 2020, 2021, 2024 आणि 2025 असा चार वेळा टूर जिंकलेला स्लोव्हेनियाचा खेळाडू आहे; त्याच्या देशाची लोकसंख्या पुणे शहराच्या लोकसंख्येहूनही कमी आहे. त्याच्यासाठी ओरडणारे रस्त्यावर हजारोंनी असतात आणि त्यांत स्लोव्हेनियाचे थोडेच असतात. एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने 2024 मध्ये तीन टप्पे आणि गुणांच्या स्पर्धेतील अव्वल खेळाडूची हिरवी जर्सी जिंकली, तेव्हा युरोपभर विखुरलेले एरिट्रियन लोक ध्वज घेऊन कडेला उभे राहिले होते. आपला खेळाडू येईपर्यंत या दोघांपैकी कोणालाही आपले म्हणायला हरकत नाही.

माझी स्वतःची आवड विचाराल तर शेवटच्या घोळक्याची आहे. आघाडीचे खेळाडू गेले की निम्मे प्रेक्षक खुर्च्या आवरू लागतात, आणि नेमके त्याच वेळी सबंध दिवस दुसऱ्यासाठी वारा अडवलेले, पाण्याच्या बाटल्या वाहिलेले साहाय्यक वर येतात. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या तर ते मान वर करून पाहतात. पुढच्यांना तेवढे भान नसते.

प्रश्न : खाण्याचे काय? आम्ही शाकाहारी आहोत. (एक वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : डोंगरावर पाव, चीज आणि फळांपलीकडे शाकाहारी पदार्थ क्वचितच मिळतात, म्हणून सुकी बाकरवडी, चिवडा आणि मेथीचे ठेपले घेऊन जा. पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेण्यास बंदी आहे; ते विमानतळावर काढून घेतले जातात. पाणी माणशी दोन लिटर तरी हवे. दुपारी ऊन भाजून काढते आणि ढग आले की त्याच जागी स्वेटर लागतो, कारण गॅलिबिएची खिंड 2,642 मीटर उंचीवर आहे.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी स्पर्धेसाठी सायकल चालवते. तिला खेळाडूंना जवळून भेटता येईल का? त्यांनी फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या आठवण म्हणून मिळतात असे ऐकले. (एक पालक, औंध)

उत्तर : भेटीसाठी टप्पा संपतो ती जागा उपयोगाची नाही, तिथे कठडे, पाहुण्यांचे मंडप आणि दमलेली माणसे असतात. टप्पा सुरू होतो त्या गावी सकाळी लवकर जावे. संघांच्या बसगाड्या ओळीने उभ्या असतात, तंत्रज्ञ सायकली पुसत, टायरमधील हवा तपासत असतात, आणि स्वाक्षरी करण्यासाठी मंचाकडे जाणारे खेळाडू त्या वाटेने ये-जा करतात. त्या वेळी ते निवांत असतात आणि लहान मुलांसाठी आवर्जून थांबतात.

बाटल्या मिळतात, पण पूर्वीइतक्या सहज नव्हे. रिकामी बाटली कुठेही फेकण्यावर आता निर्बंध असून कचऱ्यासाठी रस्त्यालगत ठरावीक पट्टे आखून दिलेले असतात. अशा पट्ट्याच्या जवळ उभे राहिल्यास बाटली हाती लागण्याची शक्यता अधिक. ती घरंगळत रस्त्यावर गेली तर जथा आणि सर्व गाड्या जाईपर्यंत तिला हात लावायचा नाही, हे मुलीला आधीच बजावा. जाहिरातींच्या ताफ्याच्या वेळी तर याहून काळजी घ्या. भेटवस्तू उचलायला धावलेली मुले गाडीखाली येऊन दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आपल्या मुलीचा विचार करता मी पुरुषांच्या टूरपेक्षा महिलांची टूर सुचवेन. 2022 पासून ती नव्या स्वरूपात होत आहे आणि यंदा ती ऑगस्टच्या आरंभी आहे. 2025 मध्ये पोलिन फेराँ-प्रेव्हो ही फ्रेंच खेळाडू ती जिंकली. तिथे गर्दी तुलनेने कमी असते आणि बसगाड्यांजवळ दोन वाक्ये बोलायला उसंत मिळते. काय विचारायचे ते मुलीला दोन सोप्या वाक्यांत तयार करून ठेवायला सांगा. ऐन वेळी शब्द फुटत नाहीत.

प्रश्न : तिथे लोक रस्त्यावर रंगाने खेळाडूंची नावे लिहितात. आम्ही देवनागरीत लिहिले तर चालेल का? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : चालेल, आणि हेलिकॉप्टरमधून ते छान दिसेलही. आक्षेपार्ह मजकूर झाकून टाकण्यासाठी आयोजकांची माणसे शर्यतीच्या पुढे जातात, मात्र नाव आणि शुभेच्छा यांना कोणी हात लावत नाही. पाण्यात विरघळणारा पांढरा रंग आणि रुंद कुंचला घ्या. अक्षरे निदान पुरुषभर उंचीची काढा, कारण सायकलवरून ती तिरकी आणि दबलेली दिसतात. दोन शब्द लिहायचे असतील तर पहिला शब्द उताराच्या बाजूला आणि दुसरा त्याच्या वर लिहा, कारण खालून येणाऱ्याला जवळचा शब्द आधी वाचता येतो. कागदावर लिहितो तसे वरून खाली लिहिलेत तर त्याला वाक्य उलटे वाचावे लागेल. लिहिण्याचे काम केवळ चढाच्या रस्त्यावर करा. उतारावर, विशेषतः वळणावर, रंगाचा थर पावसात निसरडा होतो आणि तिथे खेळाडूंचा वेग ताशी 80 किलोमीटरवर गेलेला असतो. चढावरसुद्धा आदल्या संध्याकाळीच लिहून टाका, म्हणजे सकाळपर्यंत रंग पुरता वाळेल.